छर्ऱ्याची गोष्ट : बंदुकीच्या नळीपासून गुडघ्याच्या एक्स-रेपर्यंत



आजचा विषय थोडा वेगळा आहे. डॉक्टरांच्या ब्लॉगवर बंदुकीचे काय काम, असे तुम्हाला वाटेल. पण आधी एक प्रसंग सांगतो. पेशंटची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

नेरजवळच्या एका खेड्यातले सत्तरीचे काका मुलासोबत दवाखान्यात आले. उजवा गुडघा दुखतो, सुजतो, मांडी घालता येत नाही, ही तक्रार. शिवाय अधूनमधून पोटात कळ, जुनी बद्धकोष्ठता आणि थकवा. त्यांचे हिमोग्लोबिन कमी असायचे. मी स्वतः त्यांना दोन वेळा लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या आणि दोन्ही वेळा फारसा फरक पडला नव्हता. "वय झालं, आहार कमी पडतो," असे म्हणून मी पुढे गेलो होतो. ती माझी चूक होती.

यावेळी गुडघ्याचा एक्स-रे काढला. फिल्म लाइट बॉक्सवर लावली आणि मी थांबलो. गुडघ्याच्या आजूबाजूला दहा-बारा पांढरेशुभ्र गोल ठिपके होते. दोन ठिपके नेमके सांध्याच्या आत होते, आणि सांध्याच्या अस्तराला खडूने रेघ ओढावी तशी धूसर पांढरी किनार आली होती.

"काका, हे काय आहे?"

काका गप्प. मुलगा एकदा फिल्मकडे आणि एकदा बापाकडे बघत राहिला. शेवटी मुलाला बाहेर बसवले, तेव्हा काका हळूच म्हणाले, "डाक्तरसायेब, लई जुनं हाये ते. छर्रे हायेत. कोनाले सांगतलं नाई."

मग मी जो प्रश्न विचारला तो ऐकून काकांना आश्चर्य वाटले. मी विचारले, "बंदूक कोणती होती? ठासणीची की काडतुसाची?"

हा प्रश्न डॉक्टरने का विचारावा? त्याचे उत्तर शोधायला आपल्याला दोनशे-अडीचशे वर्षे मागे जावे लागेल.

एक्स-रे आणि छर्रे यांची जुनी ओळख

विल्हेल्म राँटगेन यांनी एक्स-रेचा शोध लावला तो १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांत, फेब्रुवारी १८९६ मध्ये, न्यू यॉर्कचे शास्त्रज्ञ मायकेल प्युपिन यांच्याकडे प्रेस्कॉट हॉल बटलर नावाच्या वकिलांना आणले गेले. बंदुकीच्या अपघातात त्यांच्या हातात छर्ऱ्यांचा अख्खा बार घुसला होता. प्युपिन यांनी फोटोच्या काचेसोबत चमकणारा पडदा वापरला आणि त्या हाताचे चित्र घेतले. हाडांच्या मध्ये काळ्या मिऱ्यांसारखे विखुरलेले छर्रे त्यात स्पष्ट दिसतात. वैद्यकशास्त्रातल्या अगदी सुरुवातीच्या एक्स-रेंपैकी हा एक. शस्त्रक्रिया करणाऱ्याला छर्रा नेमका कुठे आहे हे चाकू लावण्यापूर्वी कळू लागले.

त्याआधी काय होत असे? १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांना गोळी लागली. गोळी शोधण्यासाठी डॉक्टरांनी जखमेत पुन्हा पुन्हा न धुतलेली बोटे आणि अवजारे घातली. २ जुलैला लागलेल्या गोळीने ते लगेच गेले नाहीत. १९ सप्टेंबरला गेले, आणि त्यात जखमेतल्या जंतुसंसर्गाचा मोठा वाटा होता असे आज मानले जाते. जखमेत बोट किंवा चिमटा घालून छर्रा "काढून टाकायचा" मोह आजही गावोगाव दिसतो. त्यांना ही गोष्ट जरूर सांगा.

ठासणीची बंदूक आणि काडतूस

आता आपल्या भागाकडे येऊ. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हाती सोपवले. जंगल दाट होते, आणि शेताच्या बांधापर्यंत रानडुक्कर, रोही, हरीण येत. पिकाची राखण म्हणजे रात्रभर मचाणावर जागल. ज्याच्याकडे बंदूक असे ती बहुधा ठासणीची.

ठासणीच्या बंदुकीत सगळे नळीच्या तोंडातून भरावे लागे. आधी दारू, मग चिंधी किंवा कागदाचा डाट, मग छर्रे, मग पुन्हा डाट, आणि हे सगळे गजाने ठासायचे. म्हणून नाव ठासणीची. पूर्वी ती गारगोटीच्या ठिणगीने उडे. १८०७ मध्ये अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने आघाताने पेटणाऱ्या रसायनाचे पेटंट घेतले. त्यातून पुढे तांब्याची छोटी टोपी आली. टोपीवर घोडा आपटला की बार उडतो. त्या टोपीत सुरुवातीला पाऱ्याचे संयुग असे आणि नंतर शिशाचे संयुग आले. बंद जागेत रोज नेमबाजी करणाऱ्यांच्या रक्तात शिसे वाढलेले आढळते, त्याचे एक कारण हा टोपीचा धूर आहे.

पुढची पायरी म्हणजे काडतूस. हा शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतला. टोपी, दारू, डाट आणि छर्रे हे सगळे एकाच पुडीत, आणि ती पुडी नळीच्या मागच्या बाजूने घालायची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा मोडून भरायच्या दुनळी बंदुका रूढ झाल्या. साहेब, राजेरजवाडे, मालगुजार, पाटील यांच्या घरी त्या दिसू लागल्या.

१८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना बंदुकीसाठी परवाना सक्तीचा झाला. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. त्यामुळे खेड्यात परवान्याची बंदूक म्हणजे मानाची वस्तू, आणि ती गमावण्याची भीतीही तितकीच मोठी. ही भीती लक्षात ठेवा, काकांच्या गोष्टीत ती पुन्हा येणार आहे.

नळी फुटते कशी?

जुन्या काळी उत्तम नळी म्हणजे दमास्कस नळी. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, एका गजाभोवती गुंडाळून, तापवून जोडायच्या. वरून सुंदर नागमोडी नक्षी दिसे. या नळ्या काळ्या दारूसाठी केलेल्या होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिनधुराची दारू आली. तिचा दाब वेगळा आणि नळीवरचा ताण जास्त. आजोबांची नक्षीदार बंदूक आणि बाजारातले नवे काडतूस ही जोडी म्हणूनच धोक्याची ठरली. आतून गंजलेली जुनी नळी अशा काडतुसाने फुटू शकते. बार उडवताना डावा हात नळीखाली असतो, त्यामुळे बोटे आणि पंजा जातो तो बहुधा डाव्या हाताचा.

दुसरे कारण चुकीचे काडतूस. २० बोरचे बारीक काडतूस १२ बोरच्या नळीत घातले तर ते पुढे सरकून अडकते. बार उडाला नाही म्हणून माणूस मागून १२ बोरचे काडतूस घालतो आणि घोडा ओढतो. पुढचा रस्ता बंद, मग नळी फुटते. जगभरातले अनेक कारखाने २० बोरचे काडतूस मुद्दाम पिवळ्या रंगाचे करतात ते याचसाठी. नळीत चिखल किंवा अडकलेला डाट असला तरी हेच घडते.

'बाराबोर' म्हणजे काय?

हा शब्द सगळ्यांनी ऐकलेला असतो, अर्थ फार थोड्यांना माहीत असतो. एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम शिशाचे सारखे १२ गोळे केले, तर त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती १२ बोरची नळी. तिचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. २० गोळे केले तर प्रत्येक गोळा लहान होतो, म्हणून २० बोरची नळी १२ बोरपेक्षा बारीक. आकडा मोठा आणि नळी बारीक, असा हा उलटा हिशोब आहे. थोडक्यात, नळीचे मापच शिशावर बेतलेले आहे.

शिकाऱ्याला आणखी एक निवड करावी लागे, ती 'चोक'ची. नळीचे तोंड किंचित आवळलेले असेल तर छर्रे कमी पसरतात. बागेत पाणी देताना पाइपचे तोंड अंगठ्याने दाबले की धार लांब जाते, तसाच काहीसा प्रकार. ४० यार्डांवर, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटरवर, ३० इंची वर्तुळ धरले तर पूर्ण चोकच्या नळीतून सुमारे ७० टक्के छर्रे त्यात पडतात. सरळ नळीतून सुमारे ४० टक्केच. दुनळी बंदुकीत बहुधा एक नळी कमी आणि एक जास्त आवळलेली असे. जवळच्या पाखराला एक, दूरच्याला दुसरी.

शिकाऱ्याचा हा हिशोब डॉक्टरच्या कामाचा असतो. अगदी जवळून बार लागला तर छर्रे पसरायला वेळच मिळत नाही. सगळे एकाच भोकातून आत जातात आणि सोबत डाटही जातो. जुने डाट नमदा, पुठ्ठा किंवा चिंधीचे, आताचे प्लास्टिकचे. यातले काहीच एक्स-रेत दिसत नाही. छर्रे दिसतात म्हणून डॉक्टरने तेवढेच बघितले, तर आत राहिलेला डाट सडतो. त्यासोबत धनुर्वाताचे जंतूही आत जाऊ शकतात. दुरून लागलेला बार मात्र अंगभर ठिपके पाडतो. त्वचेवर दिसतात मुंगीच्या चाव्याएवढ्या जखमा, पण त्यातला एखादा छर्रा डोळ्यात, आतड्यात किंवा रक्तवाहिनीत पोहोचलेला असू शकतो.

छर्ऱ्यांचे नंबर

आपल्याकडे छर्ऱ्यांच्या नंबरांची इंग्रजी पद्धत आली. नंबर जितका मोठा, छर्रा तितका बारीक. एका औंसात, म्हणजे २८ ग्रॅममध्ये, ८ नंबरचे सुमारे ४५० छर्रे बसतात, ६ नंबरचे २७०, ४ नंबरचे १७०. सगळ्यात जाड छर्ऱ्यांना आकडे नाहीत, अक्षरे आहेत. बीबी एका औंसात ७०, एएए ३५, एसजी ८ आणि एलजी फक्त ६.

जुन्या शिकाऱ्यांचा ढोबळ नियम असा : पाणलावा किंवा लाव्यासाठी ८ नंबर, तित्तरासाठी ६, बदक आणि सशासाठी ४. डुकरासारख्या जाड कातडीच्या जनावरासाठी एसजी किंवा एलजी. स्वातंत्र्यानंतर पुण्याजवळच्या खडकी दारूगोळा कारखान्याची 'शक्तिमान' काडतुसे परवानाधारकांच्या घरोघरी दिसत. हा कारखाना १८६९ पासूनचा आहे.

६ नंबरच्या एका काडतुसात साधारण ३० ग्रॅम शिसे, म्हणजे सुमारे २८५ छर्रे. एका बारात इतके शिसे हवेत उडते. त्यातले चार-पाच छर्रे पाखराला लागतात आणि बाकीचे मातीत किंवा पाण्यात जातात.

छर्रा गोल कसा होतो?

१७८२ मध्ये इंग्लंडच्या ब्रिस्टल शहरात विल्यम वॉट्स नावाच्या नळकाम करणाऱ्या कारागिराने एक पेटंट घेतले. वितळलेले शिसे उंचावरून चाळणीतून खाली सोडायचे. पडता पडता प्रत्येक थेंब आपोआप गोल होतो आणि खालच्या पाण्यात पडून घट्ट होतो. पावसाचा थेंब गोल होतो तेच तत्त्व. यासाठी पुढे ठिकठिकाणी उंच मनोरे बांधले गेले.

थेंब नीट गोल व्हावा म्हणून शिशात थोडा सोमल, म्हणजे आर्सेनिक, घालत. छर्रा कडक व्हावा म्हणून अँटिमनी. म्हणजे हा चिमुकला गोल मणी मुख्यतः शिशाचा असतो आणि त्यात चिमूटभर आणखी दोन विषारी पदार्थ असतात.

बदकांनी आधी सांगितले

शिसे विषारी आहे हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होते. १८४० मध्ये लंडनचे डॉक्टर हेन्री बर्टन यांनी शिशाची बाधा झालेल्या रुग्णांच्या हिरड्यांच्या कडेला दिसणारी निळसर रेघ वर्णन केली. ती आजही 'बर्टनची रेघ' म्हणून शिकवली जाते. पण छर्ऱ्यामुळे बाधा होते हे आधी लक्षात आले ते पक्ष्यांमध्ये.

बदकांना दात नसतात. दाणे दळण्यासाठी ती बारीक खडे गिळतात आणि ते खडे पोटातल्या जात्यासारख्या भागात राहतात. तळ्याच्या तळाशी पडलेला छर्रा बदकाला खड्यासारखाच दिसतो. तो पोटात दळला जातो आणि शिसे रक्तात उतरते. फ्रँक बेलरोझ या अमेरिकी अभ्यासकाने १९५९ मध्ये अंदाज मांडला की उत्तर अमेरिकेतले २ ते ३ टक्के पाणपक्षी दरवर्षी या विषबाधेने मरत असावेत. त्यांना गोळी लागलेली नव्हती, पण छर्ऱ्याने मारले होते.

आपल्या देशातले एक उदाहरण घ्या. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी भरतपूरच्या तळ्यावर व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठी झालेल्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले गेले. सरासरी एका पक्ष्याला एकच काडतूस लागले आणि त्यात ३० ग्रॅम शिसे होते असे धरा. तरी हिशोब १२८ किलो शिशाचा होतो, तोही एका दिवसाचा. याच तळ्यावर आज राष्ट्रीय उद्यान आहे.

डेन्मार्कने १९९६ मध्ये शिशाच्या छर्ऱ्यांवर बंदी घातली. अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसे वापरता येत नाही. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागी ते बंद केले. तिथे आता पोलादी किंवा इतर धातूंचे छर्रे वापरतात. पोलाद कडक असल्यामुळे जुन्या नळीला ते सोसत नाही, म्हणून नळी आणि छर्रा यांची जोडी पुन्हा नव्याने जुळवावी लागली.

आपल्याकडे प्रश्न दुसऱ्या वाटेने सुटला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेची शिकार पूर्ण बंद झाली. पिकाचे नुकसान करणाऱ्या जनावराबाबतही वन विभागाच्या परवानगीशिवाय बार काढणे हा गुन्हाच आहे. रानडुक्कर आणि रोही यांच्यामुळे आपल्या यवतमाळच्या शेतकऱ्याचे किती नुकसान होते ते मी रोज ऐकतो. तो त्रास खरा आहे. पण त्यावर रात्री अंधारात, आवाजाच्या दिशेने बार काढणे हा उपाय नाही. काकांच्या गुडघ्यात छर्रे गेले ते असेच.

काकांची गोष्ट

१९७० च्या दशकातली रात्र. ज्वारी हुरड्यावर आलेली. काका तेव्हा ऐन विशीत होते. जागलीसाठी चुलतभाऊ एका टोकाला, काका दुसऱ्या टोकाला. डुकरे आली म्हणून काका वाकून ज्वारीतून चालत निघाले. ताटे हलली. चुलतभावाला वाटले डुक्कर, आणि त्याने बार काढला.

परवाना चुलतभावाच्या वडिलांच्या नावाचा. पोलिसात गेले तर केस होणार, बंदूक जाणार, घराण्याचे नाव जाणार. घरच्यांनी हळद भरली, चिंध्या बांधल्या आणि "बैलाने पाडले" असे सांगितले. दोन-तीन महिन्यांत काका चालू लागले. तो चुलतभाऊ पुढे वारला. "त्याच्या मागं त्याचं नाव कायले खराब करू?" काका मला म्हणाले. जवळपास पन्नास वर्षे त्यांनी बायकोशिवाय कोणाला सांगितले नाही.

आता माझा प्रश्न आठवा : ठासणीची की काडतुसाची?

ठासणीच्या बंदुकीत लोक हाताला येईल ते भरत. सायकलचे छर्रे, खिळ्यांचे तुकडे, कधी खडे. सायकलचा छर्रा पोलादाचा असतो. पोलादाने शिशाची बाधा होत नाही, पण एमआरआयच्या प्रचंड चुंबकाजवळ तो हलू शकतो, तापू शकतो. काडतुसातला छर्रा त्या काळी शिशाचा. शिशाला चुंबक ओढत नाही, पण ते विष आहे. एक्स-रेमध्ये दोन्ही पांढरेच दिसतात. आणि काकांना दुसरीकडे गुडघ्याचा एमआरआय करायला सांगितले होते!

काका म्हणाले, "काडतुसाची. बाराबोर. डुकरासाठी जाड छर्रे होते." एक्स-रेवरचे ठिपके पाच मिलिमीटरच्या आसपासचे, म्हणजे एएएच्या मापाचे. गोष्ट जुळली.

छर्रा शरीरात राहिला तर?

ज्यांच्या अंगात छर्रे आहेत त्यांनी घाबरून जाऊ नये. स्नायूत किंवा चरबीत राहिलेल्या छर्ऱ्याभोवती शरीर चिवट आवरण तयार करते आणि शिसे फारसे बाहेर येत नाही. असे छर्रे घेऊन माणसे आयुष्यभर ठणठणीत राहतात. ते सगळे काढत बसणे म्हणजे फायद्यापेक्षा इजा जास्त.

सांध्याची गोष्ट मात्र वेगळी. सांध्यातल्या वंगणात शिसे हळूहळू विरघळते. शिवाय चालताना दोन हाडांच्या मध्ये छर्रा दळला जातो, बदकाच्या पोटात दळला जातो तसाच. त्याची पूड सांध्याच्या अस्तरात बसते. काकांच्या एक्स-रेवरची ती पांढरी किनार हीच. तिथून शिसे रक्तात जाते आणि हाडांत साठून राहते. म्हणून लक्षणे दहा, वीस, कधी चाळीस वर्षांनीही दिसतात.

शिसे रक्तातला लाल रंग बनवणाऱ्या प्रक्रियेतच अडथळा आणते. म्हणून हिमोग्लोबिन उतरते आणि लोहाच्या गोळ्यांनी वाढत नाही. सोबत पोटात कळा, बद्धकोष्ठता, थकवा, चिडचिड, वाढलेले बीपी, किडनीवर ताण, कधी मनगट लुळे पडणे. मुलांमध्ये ते मेंदूच्या वाढीवर घाला घालते. रक्तातले शिशाचे प्रमाण ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा अधिक असेल तर स्रोत शोधून उपाय करा, असे जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून सांगते. सुरक्षित म्हणावी अशी पातळी माहीत नाही.

काकांचे रक्त तपासणीला नागपूरला पाठवले. अहवाल या मर्यादेच्या कितीतरी पट निघाला. हाडांच्या सर्जनने सांध्यातले छर्रे आणि खराब झालेले अस्तर काढले. अशा शस्त्रक्रियेत शिसे ढवळले जाऊन रक्तात वाढू शकते, म्हणून शिसे बाहेर काढणारी औषधेही दिली. बाकीचे छर्रे मांडीच्या स्नायूत आहेत तसेच ठेवले. काही महिन्यांत पोटाच्या कळा थांबल्या, हिमोग्लोबिन वाढले. गुडघा पूर्ण बरा झाला नाही, झीज खूप झाली होती. पण काका आता काठी घेऊन शेतापर्यंत जातात.

मुलाला त्यांनी स्वतःच सगळे सांगितले. मुलगा एवढेच म्हणाला, "बाबा, आधी सांगतलं असतं तं!"

तुमच्यासाठी काही गोष्टी

१. अंगात छर्रा, गोळी किंवा कोणताही धातू असेल तर डॉक्टरांना सांगा. गोष्ट कितीही जुनी असो. एमआरआयपूर्वी तर नक्कीच सांगा. बंदूक कोणती होती आणि आत काय भरले होते, हेही आठवून सांगा.

२. छर्रा सांध्यात किंवा मणक्याजवळ असेल, किंवा कारण न सापडणारा रक्तक्षय आणि पोटदुखी असेल, तर रक्तातले शिसे तपासून घ्या. अंगात छर्रे असलेल्या स्त्रीने गरोदरपणाच्या आधीच ही तपासणी करावी, कारण हाडांत साठलेले शिसे गरोदरपणात बाहेर पडून बाळापर्यंत पोहोचते.

३. ताजी जखम असेल तर घरी छर्रा कोरू नका, हळद-चुना भरू नका. स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि थेट रुग्णालय गाठा. धनुर्वाताचे इंजेक्शन विसरू नका.

४. पोलिसांच्या भीतीने उपचार लांबवू नका. बंदुकीच्या ताज्या जखमेची नोंद पोलिसांकडे करणे डॉक्टरला भाग असते, हे मी लपवत नाही. पण उपचार आधी, कागदपत्रे नंतर, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले आहे.

५. घरात आजोबांची बंदूक आणि जुनी काडतुसे असतील तर "चालते का बघू" म्हणून बार काढू नका. परवान्याची स्थिती तपासा आणि पोलीस ठाण्यात चौकशी करून रीतसर व्यवस्था लावा.

६. छर्रे किंवा शिसे चुलीवर वितळवू नका. जाळ्याला लावायचे वजनही घरी ओतू नका. जुने छर्रे मुलांना खेळायला देऊ नका. मुले ते तोंडात घालतात.

७. परदेशात राहणाऱ्या आणि शिकारीचे मांस खाणाऱ्या मराठी कुटुंबांनी लक्षात ठेवावे की शिशाचे कण जखमेपासून दूरपर्यंत मांसात पसरतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. अमेरिकेत नॉर्थ डकोटा राज्यात २००८ मध्ये ७३८ लोकांची रक्ततपासणी झाली. शिकारीचे मांस खाणाऱ्यांच्या रक्तात शिसे थोडे जास्त आढळले. लहान मुले आणि गरोदर स्त्रियांनी असे मांस टाळलेले बरे.

काकांच्या गुडघ्यातून काढलेले दोन छर्रे सर्जनने मला दाखवले. एकेकाळी गोल असलेले ते मणी झिजून चपटे, खडबडीत झाले होते. त्यांच्यातला हरवलेला भाग पन्नास वर्षांत काकांच्या रक्तातून आणि हाडांतून फिरला होता. पन्नास वर्षांपूर्वी कोणी डॉक्टरला खरे सांगितले असते, तर कदाचित अर्ध्या तासाची शस्त्रक्रिया पुरली असती. दोन वर्षांपूर्वी मी एक प्रश्न जास्त विचारला असता, तरी काकांचा काही त्रास वाचला असता.

म्हणून तुम्ही सांगत जा. आम्ही विचारत जाऊ.

काळजी घ्या, स्वस्थ राहा.